नोकरीच्या शोधातील रामानुजन

१९१० साली मद्रास इलाख्यातील तिरुक्कोयिलूर या लहानशा गावी व्ही. रामस्वामी अय्यर डेप्युटी कलेक्टर होते. गणिताचे ते जाणकार. १९०७ साली भारतीय गणितप्रेमींची पहिली संस्था त्यांच्याच पुढाकाराने स्थापन झाली होती. एके दिवशी त्यांच्यासमोर एक तरुण येऊन उभा राहिला. पदवी नाही, अनुभव नाही, जवळ गणिताच्या वह्या तेवढ्या. त्याची मागणी अगदी माफक होती : कचेरीत एखादी कारकुनाची जागा मिळावी. रामस्वामींनी वह्या चाळल्या आणि जागा देण्याचे नाकारले. अशा बुद्धीच्या माणसाला महसूल खात्याच्या खालच्या पायरीवर बसवणे त्यांना पाप वाटले असावे.

त्यांची भावना उदात्त होती, परंतु समोरच्या तरुणाला ती परवडणारी नव्हती. श्रीनिवास रामानुजन यांच्या आयुष्याची कथा आपण बहुधा केंब्रिजपासून सांगू लागतो. त्याआधीची जी वर्षे त्यांनी नोकरी शोधण्यात घालवली, त्यांचा उल्लेख चार ओळींत आटोपतो. ती वर्षे जरा सावकाश पाहण्याजोगी आहेत.

रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी इरोड येथे झाला आणि बालपण कुंभकोणम येथे गेले. वडील कापडाच्या दुकानात कारकून होते. शाळेत हा मुलगा गणितात सर्वांच्या पुढे होता. कॉलेजात शिष्यवृत्तीही मिळाली, पण गणितावाचून इतर विषयांकडे लक्षच नसल्याने ती गेली. पुढे मद्रासच्या पच्चयप्पा कॉलेजात पुन्हा प्रयत्न झाला. एफ. ए.ची परीक्षा तेथेही सुटली नाही आणि १९०७ नंतर शिक्षणाचे दार बंद झाले. १९०९च्या जुलैमध्ये आईने लग्न लावून दिले. वधू जानकी त्या वेळी दहा वर्षांची. संसार अजून सुरू व्हायचा होता, पण जबाबदारी सुरू झाली होती. त्यातच आजारपण आले. १९१०च्या आरंभी झालेली शस्त्रक्रिया डॉक्टरांनी पैसे न घेता केली.

हे दिवस शिकवण्या शोधण्यात, मित्रांच्या खोल्यांवर राहण्यात आणि क्वचित उपाशी झोपण्यात गेले. शिकवण्याही टिकत नसत. विद्यार्थ्याला परीक्षेपुरते हवे असे आणि मास्तर पुस्तक सोडून भलतीकडेच निघून जात. नोकरीच्या बाजारात त्यांच्याकडे दाखवण्यासारखे एकही प्रमाणपत्र नव्हते. होत्या त्या वह्या. कागद महाग, म्हणून आकडेमोड पाटीवर व्हायची. ती कोपराने पुसली जायची आणि निष्कर्ष तेवढा वहीत उतरायचा. या माणसाला आपण अव्यवहारी, स्वप्नाळू समजतो, पण त्या वह्यांची रचना पाहिली तर मत बदलते. पहिल्या वहीत सोळा प्रकरणे पाडलेली आहेत. पुढे तोच मजकूर सुधारून, वाढवून दुसऱ्या वहीत एकवीस प्रकरणांत मांडलेला आहे. जगाला दाखवायचे ते नेहमी हाताशी आणि नीट लावलेले असायचे. आजारपणात तर आपले बरेवाईट झाल्यास वह्या कोणत्या प्राध्यापकाच्या हाती पडाव्यात, हेही त्यांनी एका मित्राला सांगून ठेवले होते.

तिरुक्कोयिलूरहून रामानुजन रिकाम्या हाताने परतले नाहीत. रामस्वामींनी मद्रासच्या गणितज्ञांना चिठ्ठ्या दिल्या. तेथे पी. व्ही. शेषू अय्यर भेटले. ते कुंभकोणमला रामानुजन यांचे शिक्षक होते. त्यांच्याकडून वाट नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्र राव यांच्यापर्यंत गेली. आपल्याकडे याला कोणी वशिला म्हणेल. वशिल्यात मात्र वही उघडून दाखवावी लागत नाही. रामानुजन यांना ती प्रत्येक दारी उघडावी लागली आणि प्रत्येक वेळी समोरच्याचा संशय नव्याने फेडावा लागला. रामचंद्र रावांनाही हे गणित आहे की भ्रम, हे ठरवायला एकाहून अधिक भेटी लागल्या. खात्री पटल्यावर त्यांनी हवे काय ते विचारले. रामानुजन यांना फक्त पोटापुरते अन्न आणि गणितासाठी मोकळा वेळ हवा होता.

रामचंद्र राव दरमहा २५ रुपये पाठवू लागले. ही नोकरी नव्हती, मदत होती, आणि दुसऱ्याच्या मदतीवर फार काळ राहणे रामानुजन यांच्या मनाला रुचेना. तरीही मिळालेल्या स्वास्थ्याचा उपयोग त्यांनी चोख केला. १९११ साली गणित संस्थेच्या नियतकालिकात बर्नोली संख्यांवरील त्यांचा पहिला निबंध छापून आला. ज्याच्याजवळ पदवीचा कागद नव्हता, त्याच्या नावावर आता छापील कागद होता. जाता जाता एक आठवण. या संस्थेचे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात होते. ही कथा दक्षिणेतील असली, तरी तिचा एक धागा मराठी मुलखातून जातो.

१९१२च्या आरंभी महालेखापालांच्या कचेरीत २० रुपयांवर हंगामी काम मिळाले, पण ते काही आठवडेच टिकले. मग ९ फेब्रुवारी १९१२ रोजी त्यांनी मद्रास पोर्ट ट्रस्टच्या मुख्य हिशेबनिसांकडे अर्ज केला. नोकरीच्या अर्जाचा नमुना म्हणून तो आजही वाचण्यासारखा आहे. मॅट्रिक झालो, एफ. ए.पर्यंत शिकलो, परिस्थितीमुळे पुढे जाता आले नाही, तेव्हापासून सारा वेळ गणिताला दिला आहे आणि हे काम नीट करू शकेन असा विश्वास वाटतो, असा त्याचा आशय. अपयश लपवलेले नाही आणि त्याचे रडगाणेही नाही. सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक मिडलमास्ट यांचे शिफारसपत्र होते. १ मार्च १९१२ रोजी रामानुजन महिना ३० रुपयांवर कारकून म्हणून रुजू झाले.

कारकुनी त्यांना कमीपणाची वाटली नाही. ज्या जागेपासून रामस्वामींनी त्यांना वाचवले होते, तसल्याच जागेने पुढे त्यांना वाचवले. पगार ठरावीक होता आणि कचेरीनंतरची संध्याकाळ आपली होती. सुदैवाने वरिष्ठ एस. नारायण अय्यर स्वतः गणितज्ञ होते. संध्याकाळी दोघे पाट्या घेऊन बसत. पोर्ट ट्रस्टचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनाही या कारकुनाचे कौतुक वाटू लागले.

शोध येथे थांबला नाही, त्याची दिशा बदलली. १९१२च्या अखेरीस मद्रासमधील एका इंग्रज प्राध्यापकाने त्यांचे काम लंडनच्या हिल यांना पाठवले. उत्तर सौजन्याचे होते, परंतु त्यात चुका दाखवल्या होत्या आणि वाचायला एक पुस्तक सुचवले होते. केंब्रिजच्या बेकर आणि हॉब्सन यांना लिहिलेल्या पत्रांतून काहीच निष्पन्न झाले नाही. १६ जानेवारी १९१३ रोजी पुन्हा एक पत्र गेले, या वेळी जी. एच. हार्डी यांना. आपण पोर्ट ट्रस्टमध्ये वर्षाला अवघ्या २० पौंडांवर कारकून आहोत, हे त्यांनी आरंभीच सांगून टाकले. वय मात्र सुमारे तेवीस लिहिले; ते पंचविसाव्या वर्षात कधीच पोहोचले होते. पत्रासोबत सिद्धान्तांची पाने होती. हार्डी आणि लिटलवूड यांनी ती तपासली आणि पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

पदवी नसलेल्या या माणसाला मद्रास विद्यापीठाने १९१३च्या मे महिन्यापासून ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली. दर तीन महिन्यांनी कामाचा अहवाल द्यायची अट होती. परीक्षांना न जुमानणाऱ्या रामानुजन यांनी ते अहवाल वेळच्या वेळी दिले. १७ मार्च १९१४ रोजी ते विलायतेला निघाले. १९१८ साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले, पण तोवर प्रकृती ढासळली होती. १९१९ साली ते मायदेशी परतले आणि २६ एप्रिल १९२० रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी निवर्तले.

परतण्यापूर्वी, त्याच वर्षाच्या जानेवारीत त्यांनी मद्रास विद्यापीठाला इंग्लंडहून एक पत्र पाठवले होते. विद्यापीठाने त्यांच्यासाठी वर्षाला २५० पौंड मंजूर केले होते. ही रक्कम आपल्या गरजेपेक्षा जास्त आहे, असे त्यांनी कळवले. आईवडिलांना ५० पौंड द्यावेत, स्वतःचा आवश्यक खर्च भागवावा आणि उरलेल्या पैशातून गरीब व अनाथ मुलांच्या शाळेची फी भरावी, अशी त्यांची विनंती होती.