बॉक्सवरची सही

कॉर्नफ्लेक्सच्या बॉक्सवर लाल रंगात ‘केलॉग्ज’ अशी तिरकी, वळणदार अक्षरं असतात. आपण तो नुसता लोगो समजतो. पण मित्रांनो, ती एका खऱ्या माणसाची सही आहे, आणि ती तिथे यायला त्याला वयाची ४६ वर्षं थांबावं लागलं!

विल कीथ केलॉगचा जन्म ७ एप्रिल १८६० चा, अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या बॅटल क्रीक गावचा. वडिलांचा झाडूंचा कारखाना होता. शाळा लवकर सुटली आणि पोरवयातच विल झाडू विकत फिरू लागला. थोरला भाऊ जॉन मात्र डॉक्टर झाला, गावातल्या मोठ्या सॅनिटेरियमचा प्रमुख झाला. तिथे मांस, दारू, चहा-कॉफी सगळं बंद. १८८० पासून विल त्याच्या हाताखाली लागला तो थेट २५ वर्षं. हिशेब, पत्रं, पार्सलं, तक्रारी... काम सगळं त्याचं, नाव सगळं डॉक्टरसाहेबांचं. जॉन सायकलवरून फिरत असे आणि विल शेजारी पळत पळत नोट्स घेत असे, असं सांगतात. (घरात हुशार मोठा भाऊ असलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.)

१८९४ मध्ये पेशंटांसाठी पचायला हलकं काहीतरी करण्याचे प्रयोग चालू होते. शिजवलेले गहू एकदा तसेच पडून राहिले. शिळे झाले तरी टाकले नाहीत, रोलरमधून काढले, तर पोळीसारखा सलग पत्रा न निघता प्रत्येक दाण्याचा वेगळा फ्लेक निघाला. कारण सोपं आहे: मधल्या वेळात ओलावा दाण्यात सगळीकडे सारखा पसरला होता. आपले पोहे याच घराण्यातले, भिजवा, भाजा, चपटे करा. १८९६ चं पेटंट मात्र जॉनच्या एकट्याच्या नावावर. डोकं नक्की कोणाचं चाललं यावर दोघे भाऊ जन्मभर भांडले.

दरम्यान सी. डब्ल्यू. पोस्ट नावाचा एक पेशंट सॅनिटेरियममध्ये राहून गेला आणि त्याच गावात तसलाच माल काढून करोडपती झाला. विल हे सगळं बघत होता. जॉनला जाहिरातबाजी नको, साखर तर मुळीच नको. शेवटी १९०६ मध्ये विलने मक्याच्या फ्लेक्सची स्वतःची कंपनी काढली, त्यात साखर घातली आणि नकली मालापासून ओळखू यावं म्हणून बॉक्सवर स्वतःची सही छापली. जॉनने आपले काही शेअर्स सॅनिटेरियमच्या डॉक्टरांना वाटले होते, ते विलने गुपचूप विकत घेतले. मानलं पाहिजे बुवा!

पुढच्याच वर्षी, ४ जुलै १९०७ ला कारखाना जळून खाक झाला. त्याने पुन्हा उभारला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये जाहिरात केली: बायकांनी दुकानदाराला डोळा मारायचा आणि कॉर्नफ्लेक्सचं पाकीट फुकट न्यायचं. खप धडाधड वाढला. १९०९ मध्ये मुलांसाठी गमतीच्या चित्रांचं पुस्तक भेट, म्हणजे बॉक्ससोबत मिळणाऱ्या खेळण्यांचे आजोबाच म्हणायचे. १९१४ मध्ये फ्लेक्स सादळू नयेत म्हणून मेणकागद आला. आधी तो बॉक्सच्या बाहेरून गुंडाळलेला असायचा, आत नंतर गेला.

मग आडनाव कोणाचं यावरून भाऊ कोर्टात गेले. १९२० मध्ये मिशिगनच्या सुप्रीम कोर्टाने विलच्या बाजूने निकाल दिला.

माणूस हसरा नव्हता, घरच्यांशीही फार बोलत नसे. पण १९३० च्या मंदीत त्याने कारखान्यातल्या आठ तासांच्या तीन शिफ्टच्या जागी सहा तासांच्या चार शिफ्ट केल्या, म्हणजे तेवढ्या जास्त लोकांना काम मिळालं. त्याच वर्षी फाउंडेशन काढलं आणि पुढे त्याला ६ कोटी डॉलरहून जास्त किमतीचे शेअर्स दिले. कॅलिफोर्नियातला त्याचा अरबी घोड्यांचा रँच आज कॅल पॉली पोमोना युनिव्हर्सिटीचा कॅम्पस आहे. एम.एस.च्या तयारीत असलेल्यांना हे नाव माहीत असेल.

शेवटी काचबिंदूने त्याची दृष्टी गेली. डिसेंबर १९४३ मध्ये जॉन वारला. मरण्याआधी त्याने धाकट्या भावाची माफी मागणारं लांबलचक पत्र लिहिलं होतं. डॉक्टरांना कमीपणा येईल असं वाटून सेक्रेटरीने ते पोस्टातच टाकलं नाही. विलला ते मिळालं तेव्हा उत्तर द्यायला जॉन उरला नव्हता. ६ ऑक्टोबर १९५१ ला, ९१ व्या वर्षी विल गेला.