शाळेत मैदान आणणारे कुबर्टिन

ऑलिम्पिकची पाच वर्तुळे दिसली की बॅरन पिएर द कुबर्टिन यांचे नाव आठवते. आधुनिक ऑलिम्पिकचे जनक म्हणून जग त्यांना ओळखते. मात्र ऑलिम्पिकच्या कितीतरी आधी या माणसाला एका वेगळ्याच प्रश्नाने झपाटले होते. शाळेतील वाढत्या वयाच्या मुलांना बाकावरून उठवून मैदानावर आणायचे कसे, हा तो प्रश्न.

१ जानेवारी १८६३ रोजी पॅरिसमधील सरदार घराण्यात कुबर्टिन यांचा जन्म झाला. ते आठ वर्षांचे असताना फ्रान्सने प्रशियाकडून दारुण पराभव पत्करला. त्या अपमानाची सल देशाला दीर्घकाळ छळत राहिली. दुबळी पिढी हे पराभवाचे एक कारण मानले गेले आणि १८८० मध्ये मुलांच्या शाळांत कवायत सक्तीची झाली. दोन वर्षांनी शालेय पलटणी उभ्या राहिल्या. कोवळ्या मुलांच्या खांद्यावर लाकडी बंदुका आल्या. हुकूम सुटायचा, पावले पडायची. पण त्यात आनंदाचा लवलेश नव्हता. उरलेला सारा दिवस घोकंपट्टीत जात असे.

घराण्याच्या रीतीप्रमाणे कुबर्टिन यांनी सैन्यात जावे, अशी अपेक्षा होती. त्यांनी मात्र शिक्षणसुधारणेचा मार्ग धरला. १८८३ मध्ये ते प्रथम इंग्लंडला गेले आणि पुढे तेथील शाळा त्यांनी बारकाईने पाहिल्या. रग्बी येथील शाळेने त्यांच्यावर मोहिनी घातली. तिचे मुख्याध्यापक थॉमस अरनॉल्ड १८४२ मध्येच निवर्तले होते. अरनॉल्ड यांना खेळांविषयी स्वतः फारशी आस्था नव्हती, असे इतिहासकार सांगतात. कुबर्टिन यांनी त्यांच्यात आपल्याला हवा तो गुरू पाहिला. पण त्यांनी टिपलेली एक गोष्ट खरी होती. तेथे संघ मुलेच निवडत, कर्णधार मुलेच ठरवत, खेळाची व्यवस्थाही मुलेच पाहत. खेळ त्यांच्या मालकीचा होता, म्हणून तो त्यांना हवाहवासा वाटत होता.

मायदेशी परतल्यावर कुबर्टिन यांनी अभ्यासाच्या अतिताणाविरुद्ध लेखणी चालवली. १८८८ मध्ये ज्येष्ठ राजकारणी ज्यूल सिमों यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षणात व्यायामाचा प्रसार करणारी समिती स्थापन झाली. तिचे चिटणीसपद पंचविशीतल्या कुबर्टिन यांच्याकडे आले. शाळाप्रमुखांना भेटणे, मैदाने मिळवणे, विद्यार्थ्यांचे क्रीडासंघ उभे करणे हे त्यांचे नित्याचे काम झाले. विरोधही कमी नव्हता. पालकांना अभ्यासाची चिंता, देशाभिमान्यांना इंग्रजी खेळांचे वावडे, तर व्यायामशास्त्रातील काही जाणकारांना स्पर्धाच घातक वाटत होती. कुबर्टिन मागे हटले नाहीत. मार्च १८९२ मध्ये फ्रान्सची पहिली रग्बी अजिंक्यपद लढत झाली, तेव्हा पंच म्हणून ते स्वतः मैदानात उतरले.

ऑलिम्पिकचा विचार याच धडपडीतून फुलला. मुलांपुढे एखादे भव्य शिखर असेल तर ती आपणहून धावतील, अशी त्यांची धारणा होती. जून १८९४ मध्ये सोर्बोन विद्यापीठातील परिषदेत आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचा जन्म झाला आणि १८९६ मध्ये अथेन्सला पहिले सामने रंगले. त्याच वर्षी समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, ते १९२५ पर्यंत. भारताशी या कार्याचा धागा जुळला तोही त्यांच्याच कारकिर्दीत. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याशी निगडित असलेल्या सर दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला भारतीय खेळाडू गेले.

कुबर्टिन यांच्या दृष्टीला मर्यादाही होत्या. स्त्रियांनी ऑलिम्पिकमध्ये उतरणे त्यांना अखेरपर्यंत रुचले नाही. सर्वांसाठी खेळ हवा म्हणणाऱ्या या माणसाने अर्ध्या जगाला प्रेक्षकांत बसवले होते. काळाने ती चूक दुरुस्त केली.

अध्यक्षपद सोडल्यावर ते पुन्हा शिक्षणाकडे वळले. खेळाच्या शिक्षणशास्त्रासाठी त्यांनी लोझानमध्ये संस्था काढली. पण जगाचे लक्ष आता पदकांकडे लागले होते. वडिलोपार्जित संपत्ती ओसरली होती. २ सप्टेंबर १९३७ रोजी जिनिव्हातील एका बागेत फिरत असताना त्यांचे निधन झाले. देह लोझानमध्ये विसावला, तर हृदय त्यांच्या इच्छेनुसार ग्रीसमधील ऑलिम्पिया येथे जतन करण्यात आले.

ऑलिम्पिक हे कुबर्टिन यांच्यासाठी साधन होते. साध्य होते शाळेतले ते मूल. साधनाचा सोहळा दर चार वर्षांनी थाटात होतो. साध्याची कसोटी मात्र रोज लागते, शाळेच्या वेळापत्रकातील खेळाच्या तासाला. त्या तासाला घंटा झाल्यावर मुले हुकमाने बाहेर पडतात की ओढीने, यावर कुबर्टिन यांच्या कार्याचे खरे यश मोजावे लागेल.