अदृश्य लहरींचे उपासक : आचार्य जगदीशचंद्र बोस

आचार्य जगदीशचंद्र बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी आजच्या बांगलादेशातील मैमनसिंह येथे झाला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी होते. तरीही त्यांनी मुलाला इंग्रजी शाळेऐवजी बंगाली पाठशाळेत घातले. तेथे एका बाजूला चपराशाचा मुसलमान मुलगा, तर दुसऱ्या बाजूला कोळ्याचा मुलगा बसे. या सवंगड्यांकडून जलचरांच्या आणि पशुपक्ष्यांच्या गोष्टी ऐकता ऐकता त्यांच्या मनात निसर्गाविषयीचे कुतूहल रुजले.

केंब्रिजचे शिक्षण संपवून १८८५ मध्ये ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात प्राध्यापक झाले. इंग्रज प्राध्यापकांपेक्षा कमी वेतन देऊ करण्यात आल्यामुळे त्यांनी तीन वर्षे वेतन स्वीकारले नाही. अध्यापनात मात्र खंड पडू दिला नाही. अखेर सरकारला त्यांचे पूर्ण वेतन थकबाकीसह द्यावे लागले.

अपुऱ्या साधनांनिशी त्यांनी अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या विद्युतचुंबकीय लहरी निर्माण केल्या. १८९५ मध्ये कोलकात्यात भरसभेत त्या लहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजविली आणि बंदुकीची दारू पेटविली. पाहणाऱ्यांना त्या लहरी विध्वंसक वाटल्या असत्या, तर नवल नव्हते. वस्तुतः दारू लहरींनी पेटली नव्हती. क्षीण लहरींनी ग्राहकयंत्राला केवळ इशारा दिला आणि तेथील विद्युतप्रवाहाने पुढचे काम केले.

आज मोबाइल, वायफाय, दूरचित्रवाणी यांविषयी घरोघरी जी भीती व्यक्त होते, तिचे उत्तर शोधताना हा भेद ध्यानी ठेवावा. बोस यांनी आपल्या प्रयोगशाळेत एक्स-किरणांचे यंत्रही उभारले होते. एक्स-किरण अणूतील इलेक्ट्रॉन उखडून पेशींना इजा करू शकतात. मोबाइलच्या लहरींचा ऊर्जाकण दृश्य प्रकाशाच्या कणाहूनही दुर्बळ असतो. त्याला ते साधत नाही. या लहरींचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे उष्णता. मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये अन्न शिजते ते तिच्यामुळेच. म्हणून त्या प्रबळ लहरी धातूच्या पेटीत कोंडलेल्या असतात. मोबाइलमधून शरीरात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेवर भारतात दर किलोग्रॅम ऊतीमागे १.६ वॅट अशी मर्यादा आहे. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या लहरींची गणना ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात केली. धोका सिद्ध झाल्याचा हा निर्वाळा नव्हे; पुरावा मर्यादित असल्याने संशोधन चालू ठेवावे, एवढाच त्याचा आशय. घबराट जशी अनाठायी, तशी बेफिकिरीही.

१९१७ मध्ये त्यांनी कोलकात्यात संशोधनमंदिर स्थापिले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीला न भिता आणि तिच्यावर आंधळा विश्वासही न ठेवता तिचे मोजमाप करावे, हा त्यांच्या जीवनाचा वारसा आपल्या मुलामुलींनी जपावा.