रंगमंचावरून दिवाणखान्यात : एल्सी डी वुल्फ

नवा फ्लॅट ताब्यात आला की इंटिरियर डिझायनरचा शोध सुरू होतो. मुंबई-पुण्यात हा शोध आता बहुधा मोबाइलवरच घेतला जातो. इन्स्टाग्रामवर जुन्या खोलीचे एक छायाचित्र, नूतनीकरणानंतरचे दुसरे आणि अधूनमधून डिझायनरच्या स्वतःच्या घराची झलक, एवढ्या भांडवलावर कित्येक तरुण-तरुणींनी आपला व्यवसाय उभा केला आहे. ही रीत मात्र मोबाइलच्या कितीतरी आधीची आहे. सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमधील एका बेताच्या अभिनेत्रीने ती अवलंबिली होती. तिचे नाव एल्सी डी वुल्फ.

एल्सीचा जन्म न्यूयॉर्कचा, २० डिसेंबर १८५९ चा मानला जातो. वय कमी सांगण्याची हौस तिला अखेरपर्यंत होती, त्यामुळे तिच्या हयातीत १८६५ हे सालही प्रचलित होते. वडील डॉक्टर होते, आई स्कॉटिश घराण्यातली. एल्सी दिसायला सुंदर नव्हती आणि घरात तिला त्याची जाणीव करून दिली जाई. लहानपणी एकदा शाळेतून घरी आल्यावर दिवाणखान्याच्या भिंतींवर चिकटविलेला नवा, मळकट रंगाचा नक्षीदार कागद पाहून आपण जमिनीवर लोळण घेऊन आक्रोश केला होता, अशी आठवण तिने पुढे आत्मचरित्रात नोंदविली आहे. आत्मचरित्रातील सगळ्याच आठवणी जशाच्या तशा घ्याव्यात, अशी एल्सीची ख्याती नाही. तरीही ही आठवण तिच्या स्वभावाशी जुळणारी आहे.

शिक्षणासाठी तिला एडिंबरोला नातेवाइकांकडे पाठविण्यात आले. १८८० च्या दशकात राणी व्हिक्टोरियाच्या दरबारात ती सादर झाली आणि न्यूयॉर्कला परतल्यावर उच्चभ्रूंच्या हौशी नाटकांतून कामे करू लागली. १८९० मध्ये वडील वारले. मागे पैसा राहिला नव्हता. तिशी ओलांडलेल्या, अविवाहित आणि हाती कोणताही हुन्नर नसलेल्या स्त्रीला त्या समाजात दोनच वाटा होत्या : लग्न किंवा आश्रितपण. एल्सीने तिसरी वाट धरली. १८९१ मध्ये सार्दूच्या ‘थर्मिडॉर’ या नाटकातून तिने व्यावसायिक रंगभूमीवर पाऊल ठेवले.

अभिनेत्री म्हणून ती कधीच पहिल्या रांगेत पोहोचली नाही. समीक्षक तिच्या अभिनयाविषयी हात राखून लिहीत आणि पोशाखांविषयी भरभरून. ती पॅरिसच्या नामांकित शिंप्यांकडून कपडे शिवून घेई. ते पाहण्यासाठी स्त्रिया नाटकाला येत आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या शिंपिणीकडे तसल्याच झग्याची मागणी करीत. दुसरी एखादी या प्रकाराने खिन्न झाली असती. एल्सीने मात्र त्यातून आपल्या खऱ्या गुणाची पारख करून घेतली. आपण जे निवडतो ते लोकांना हवेहवेसे वाटते, हे तिला रंगमंचावरच उमगले.

या काळात तिच्या आयुष्यात एलिझाबेथ ऊर्फ बेसी मारबरी होती. बेसी ही नाटककारांची प्रतिनिधी. ऑस्कर वाइल्ड, बर्नार्ड शॉ, सार्दू यांच्या नाटकांचे अमेरिकेतील व्यवहार ती पाहत असे. व्यवहारात ती अतिशय करडी होती. १८९२ पासून या दोघी न्यूयॉर्कच्या सतराव्या रस्त्यावर, अर्व्हिंग प्लेसच्या कोपऱ्यावरील घरात एकत्र राहू लागल्या. त्यांचे हे सहजीवन कित्येक दशके टिकले.

हे घर म्हणजेच एल्सीची पहिली जाहिरात. तत्कालीन अमेरिकी श्रीमंतांची घरे सामानाने गच्च भरलेली असत. जड मखमली पडदे, काळपट लाकूडकाम, झालरी लावलेल्या खुर्च्या, कुंड्यांतील माडाची रोपे आणि प्रत्येक सपाट जागेवर मांडलेल्या शोभेच्या वस्तू असा सगळा थाट. प्रकाश आत यायचा तो गाळून. अर्व्हिंग प्लेसचे घरही आरंभी असेच होते. १८९७-९८ च्या सुमारास एल्सीने ते उलथेपालथे केले. अडगळ बाहेर काढली, काळ्या लाकडावर पांढरा रंग चढविला, आरसे लावून उजेड खेळविला आणि फ्रेंच घाटाच्या नाजूक खुर्च्या आणल्या. जेवणाच्या खोलीची १८९६ ची आणि या फेरफारानंतरची अशी दोन्ही छायाचित्रे उपलब्ध आहेत. ती शेजारी ठेवली तर एकाच खोलीची आहेत यावर विश्वास बसू नये.

रविवारी दुपारी या घरी मैफल जमे. इतिहासकार हेन्री अ‍ॅडम्स, अभिनेत्री सारा बर्नहार्ट अशी मंडळी येत, धनिकांच्या बायकाही येत. चहा बेसीच्या ओळखींचा आणि दिवाणखाना एल्सीच्या कल्पनेतला. घर आवडले की पाहुणी विचारी, आमच्याकडेही असे करता येईल का?

१९०५ मध्ये एल्सीने रंगभूमीचा निरोप घेतला. वय पंचेचाळीस. पंजात फूल धरलेल्या लांडग्याचे चित्र असलेली कार्डे छापून तिने आपण घरे सजवून देणार असल्याचे जाहीर केले. आडनावावरचा हा श्लेष लोकांच्या लक्षात राहिला. त्याच सुमारास न्यूयॉर्कमधील प्रतिष्ठित स्त्रिया स्वतःसाठी ‘कॉलनी क्लब’ उभारीत होत्या. इमारतीचा आराखडा स्टॅनफर्ड व्हाइट या विख्यात वास्तुविशारदाचा होता. सजावटीचे काम एका माजी नटीला द्यावे की नाही याविषयी कुरबुर होती. बेसी स्वतः क्लबच्या संस्थापकांत असल्यामुळे तिचा पाठिंबा होताच, पण व्हाइटने भरीस भर घातल्यावर काम एल्सीकडे आले. क्लब पूर्ण झालेला पाहणे व्हाइटच्या नशिबी नव्हते. जून १९०६ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या गच्चीवर त्याचा खून झाला.

मार्च १९०७ मध्ये क्लबची दारे उघडली आणि आत गेलेल्यांना पुरुषी क्लबांचा काळोख कुठेच दिसला नाही. एका खोलीत भिंतींवर हिरव्या लाकडी पट्ट्यांची जाळी, तीवर वेली, मध्ये कारंजे आणि बसायला वेताच्या खुर्च्या. बाग घरात आणल्यासारखी ती खोली विलक्षण गाजली. झोपण्याच्या खोल्यांत एल्सीने फुलाफुलांचे छापील सुती कापड सढळ हाताने वापरले. तोवर हे कापड खेड्यातल्या घरांत शोभणारे, स्वस्तातले समजले जाई. इंग्रजीत त्याला चिंट्झ म्हणतात आणि हा शब्द आपल्याकडच्या चीट वा छींट या शब्दावरून तिकडे गेलेला. आपल्या आज्या-पणज्यांच्या चिटाच्या परकरांचे हे दूरचे भावंड न्यूयॉर्कच्या सर्वांत महागड्या क्लबात जाऊन बसले आणि एल्सी चिंट्झवाली बाई म्हणून ओळखली जाऊ लागली. (क्लबची ती इमारत १९६३ पासून अमेरिकेतील एका जुन्या नाट्यशिक्षण संस्थेकडे आहे.)

यानंतर कामांची रीघ लागली. १९१० मध्ये वास्तुविशारद ऑग्डन कॉडमन याच्या साथीने एल्सीने पूर्व एकाहत्तराव्या रस्त्यावर एक जुने, अंधारे घर घेऊन नमुना म्हणून नव्याने उभे केले. आपल्याकडच्या बिल्डरांचे ‘सॅम्पल फ्लॅट’ आठवावेत असाच हा प्रकार. मासिकांतून तिच्या नावाने लेख येऊ लागले आणि त्यांतून १९१३ मध्ये ‘द हाउस इन गुड टेस्ट’ हे पुस्तक निघाले. शब्दांकन बरेचसे रूबी रॉस गुडनाऊ या तरुण लेखिकेचे होते. ही रूबीही पुढे नामवंत सजावटकार झाली. ज्यांना एल्सीला घरी बोलावणे परवडणारे नव्हते, अशा वाचक स्त्रियांपर्यंत तिचे नाव गेले ते या लेखनामुळे.

पोलादसम्राट हेन्री क्ले फ्रिक याचे काम हे तिच्या कमाईचे शिखर. फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरील त्याच्या प्रासादाच्या वरच्या मजल्यावरील खासगी खोल्या तिच्याकडे सोपविण्यात आल्या. खरेदीवर दहा टक्के मोबदला ठरला. पॅरिसमध्ये एका मोठ्या संग्रहातील फर्निचर फ्रिकने गोल्फला जाण्याच्या घाईत, अवघ्या अर्ध्या तासात पसंत केले आणि तेवढ्यात आपण श्रीमंत झालो, असे वर्णन एल्सीने केले आहे. त्यात नाट्य थोडे अधिक असेल. पैसा मात्र खराच मिळाला.

अमेरिकेतील पहिली व्यावसायिक सजावटकार असे बिरुद तिच्यामागे लावले जाते. ते तपासून घेतलेले बरे. कँडेस व्हीलर ही स्त्री तिच्या आधीपासून या क्षेत्रात होती आणि स्त्रियांनी हा व्यवसाय करावा असे तिने १८९५ मध्येच लेख लिहून मांडले होते. जड सजावटीविरुद्धचा विचारही एडिथ व्हॉर्टन आणि कॉडमन यांच्या १८९७ च्या पुस्तकात आढळतो. एल्सीची आवड मुख्यतः अठराव्या शतकातील फ्रान्सकडून उसनी घेतलेली होती. तिने स्वतःचे काही दिले असेल तर ते धंद्याचे रूप. चांगल्या घरातली बाई सुरुचीचे बिल पाठवू शकते आणि ते चुकते करून घेऊ शकते, हे तिच्यापूर्वी एवढ्या उघडपणे कुणी केले नव्हते.

पहिल्या महायुद्धात ती फ्रान्समध्ये भाजलेल्या सैनिकांच्या शुश्रूषेत होती. त्याबद्दल फ्रेंच सरकारने तिचा सन्मान केला. १९२६ मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, तिने पॅरिसमधील ब्रिटिश वकिलातीतील सर चार्ल्स मेंडल यांच्याशी विवाह केला आणि ती लेडी मेंडल झाली. हा विवाह सोयीचा होता, असेच सर्वांनी मानले. दुखावली गेली ती बेसी. जिच्या ओळखींवर आणि हिशेबावर हा सारा डोलारा उभा राहिला, तिला एल्सीने विश्वासात घेतले नव्हते. पुढे दिलजमाई झाली. १९३३ मध्ये बेसी निवर्तली.

व्हर्सायला दोघींनी मिळून घेतलेले ‘व्हिला त्रिआनाँ’ हे घर एल्सीने शेवटपर्यंत जपले. १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसवर चालून आल्या तेव्हा ते सोडून तिला कॅलिफोर्नियाला जावे लागले. ऐंशी वर्षांच्या या बाईने बेव्हर्ली हिल्समध्ये पुन्हा एक घर मांडले आणि टोनी ड्यूकेट या होतकरू कलावंताला पुढे आणले. युद्ध संपताच ती व्हर्सायला परतली आणि दुर्दशा झालेल्या त्या घराच्या दुरुस्तीला लागली. तेथेच १२ जुलै १९५० रोजी, नव्वदाव्या वर्षी तिचे निधन झाले.