स्वामी कुवलयानंद

बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात १९२० नंतरच्या एकदोन वर्षांत एक आगळेच काम चालले होते. क्ष-किरणांच्या यंत्रासमोर येऊन उभे राहणारे तरुण रोगी नव्हते. त्यांना खोकला नव्हता, की कोणाचे हाड मोडलेले नव्हते. यंत्र सुरू झाले की तरुण सगळा श्वास बाहेर सोडी आणि पोट पाठीच्या दिशेने खोल आत ओढून घेई. छाती व पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा त्या क्षणी किती वर सरकतो, हे यंत्राच्या साहाय्याने पाहिले जाई. ही उड्डियान नावाची क्रिया. हठयोगी ती शेकडो वर्षे करीत आले होते. परंतु ती चालू असताना शरीराच्या आत नेमके काय घडते, याचा शोध यंत्रे लावून घ्यावा, असे फारसे कोणाच्या मनात आले नव्हते. तो ध्यास ज्यांनी घेतला, त्यांचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने ते सर्वत्र ओळखले जाऊ लागले.

त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतील डभोई या गावी एका मराठी कुटुंबात झाला. घरची परिस्थिती बेताची होती. शिक्षण कष्टानेच झाले. पण बुद्धी तल्लख होती. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृत विषयाची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली. अशा विद्यार्थ्याने उरलेले आयुष्य ग्रंथांच्या सहवासात घालविले असते, तरी कोणाला नवल वाटले नसते. परंतु बडोद्यास शिकत असताना त्यांचे पाय वळले ते जुम्मादादा व्यायामशाळेकडे.

या व्यायामशाळेचे गुरू राजरत्न प्रोफेसर माणिकराव हे देशी व्यायामाचे थोर आचार्य होते. १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथरावांनी त्यांच्या हाताखाली शरीर कमावले. तालमीत उतरलेल्या कोणालाही ठाऊक असते, की जोर काढताना कंबर खचली किंवा बैठक मारताना तोल गेला, तर शंभराचा आकडा पुरा होऊनही अंगी काही लागत नाही. उलट एखादा सांधा मात्र दुखावतो. व्यायाम किती केला याहून तो कसा केला याकडे पाहण्याची दृष्टी अशा ठिकाणीच तयार होते. जगन्नाथरावांच्या पुढील सर्व कार्यात ही दृष्टी दिसून येते.

पदवीधर झाल्यावर त्यांनी खानदेशात अमळनेर येथे अध्यापन केले, आणि तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्यही झाले. पुढे ते महाविद्यालय बंद पडले. तत्पूर्वी, १९१९ साली, नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासजी या वृद्ध योग्याशी त्यांची गाठ पडली होती. त्यांच्यापाशी जगन्नाथरावांनी योगाची दीक्षा घेतली. आसने, प्राणायाम, बंध, क्रिया यांचा अनुभव त्यांनी स्वतः घेतला, आणि या विद्येत मोठे सामर्थ्य आहे अशी त्यांची खात्री पटली.

येथेच त्यांच्यापुढे खरा पेच उभा राहिला. गुरूवर त्यांची अपार श्रद्धा होती. परंतु योगाविषयी लोकांत ज्या अद्भुत गोष्टी बोलल्या जात, त्या तपासून पाहिल्यावाचून इतरांना सांगणे त्यांच्या मनाला मानवेना. तपासणीत एखादी गोष्ट खोटी ठरली तर? आपल्याच विद्येला उणेपणा आला तर? ही जोखीम पत्करूनच ते बडोद्याच्या रुग्णालयात आपल्या शिष्यांना घेऊन गेले होते.

उड्डियानानंतर पाळी आली नौलीची. नौलीत पोटाचे मधले स्नायू दोराप्रमाणे पुढे उभे काढतात. पाण्यात बसून ही क्रिया केली असता पाणी आपोआप मोठ्या आतड्यात चढते, हे योगी जाणत होते. ते का चढते, याविषयी मात्र नुसते तर्क होते. जगन्नाथरावांनी दाब मोजण्याचे उपकरण लावले. नौली चालू असताना आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, असे आढळले. नळीने सरबत ओढून घेताना जे घडते, तसेच हे. यात चमत्कार कसला? या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचे, माधवदासांचे नाव दिले. गुरुदक्षिणा देण्याची ही तऱ्हा निराळीच म्हणावी लागेल.

ऑक्टोबर १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू झाले. त्यात प्रयोगांचे शास्त्रीय वृत्तांत असत, आणि सामान्य वाचकांसाठी आसनांची सचित्र माहितीही असे. ही माहिती देताना स्वामीजींची काळजी विशेष दिसते. आसन संथपणे करावे, अंगाला हिसका देऊ नये, दम लागेपर्यंत ताणू नये. भरपेट जेवणानंतर निदान चार तास तरी जाऊ द्यावे. जोर-बैठकांसारखा दमवणारा व्यायाम आणि आसने एकास एक लागून करू नयेत. मध्ये काही वेळ विसावा असावा. शीर्षासनाचा त्या काळी मोठा बोलबाला होता. परंतु ज्याचा कान वाहतो किंवा ज्याचे हृदय दुबळे आहे, त्याने त्याच्या वाटेस जाऊ नये, असे स्वामीजींनी स्पष्ट बजावले. इतरांनीही आरंभ अगदी थोड्या वेळापासून करावा आणि आठवड्याआठवड्याने जपून वाढ करावी, अशी त्यांची शिस्त होती. ज्याला आपल्या विद्येची जाहिरातच करावयाची असते, तो इतके इशारे देत बसत नाही.

त्यांच्या सचोटीची कसोटी प्राणायामाच्या बाबतीत लागली. प्राणायामाने शरीराला भरपूर जादा प्राणवायू मिळतो, असे जो तो म्हणे. स्वामीजींनी प्रयोगशाळेत श्वासातील वायूंचे पृथक्करण केले, तेव्हा तसे दिसून आले नाही. नेहमीच्या श्वसनापेक्षा प्राणवायू अधिक घेतला जात नव्हता. हा निष्कर्ष त्यांनी जसाच्या तसा प्रसिद्ध केला. प्राणायामाचे मोल त्यांच्या मते कमी झाले नाही. त्याचे खरे कारण मात्र दुसरीकडे, मज्जासंस्थेत व मनाच्या स्थैर्यात, शोधावयास हवे, असे ते मानू लागले.

१९२७ साली महात्मा गांधींची प्रकृती ढासळली व रक्तदाब वाढला, तेव्हा त्यांनी स्वामीजींचा सल्ला घेतला आणि पत्रांतून आपले अनुभव त्यांना कळविले. एवढ्या मोठ्या पुरुषाने विचारणा करावी, ही सामान्य गोष्ट नव्हती. तरीही स्वामीजींचे लक्ष थोरामोठ्यांपेक्षा शाळकरी मुलांकडे अधिक होते. एका वेळी साठसत्तर मुलांना, कोणाला इजा न होता, आसने कशी शिकवावीत? यासाठी त्यांनी आज्ञा व मोजणी ठरवून यौगिक संघव्यायामाची पद्धत बसविली आणि त्यावर पुस्तक लिहिले. मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणविषयक समित्यांतही त्यांनी काम केले. १९५० साली लोणावळ्यास योगाचे शिक्षण देणारे महाविद्यालय निघाले.

१८ एप्रिल १९६६ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, स्वामी कुवलयानंदांचे निधन झाले. लोणावळ्याच्या त्या आश्रमात त्यांनी ध्यानाच्या जागेइतकेच प्रयोगशाळेलाही महत्त्व दिले होते. त्यांच्या पश्चातही तेथील प्रयोगांचे काम थांबले नाही.