आखूड पासचा पाठलाग : टॉम लँड्री यांची चार दशके

अमेरिकन फुटबॉलमध्ये लांबवर फेकलेला चेंडू प्रेक्षकांचे डोळे दिपवतो. पण बचाव करणाऱ्या संघाची खरी परीक्षा पाहतो तो पाच-सात यार्डांवर झटपट दिलेला आखूड पास. हा पास अडवायचा कसा, या प्रश्नाने टॉम लँड्री यांची कारकीर्द घडवली. तरुणपणी खेळाडू म्हणून त्यांनी त्याचा मार खाल्ला, मग त्याचे उत्तर शोधून नाव कमावले आणि यशाच्या शिखरावर असताना त्याच प्रश्नाने त्यांना पुन्हा गाठले. डॅलस काउबॉइज संघाचे सलग २९ हंगाम मुख्य प्रशिक्षक राहिलेले लँड्री यांचे १२ फेब्रुवारी २००० रोजी रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले.

भारतीय वाचकाच्या परिचयाच्या फुटबॉलपेक्षा हा खेळ वेगळा आहे. आक्रमण करणाऱ्या संघाला १० यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. तेवढे अंतर कापले की पुन्हा नव्याने चार. क्वार्टरबॅक हा आक्रमणाचा सूत्रधार. तो चेंडू धावणाऱ्या सहकाऱ्याकडे सोपवतो किंवा पुढे पळणाऱ्या रिसीव्हरकडे फेकतो. लांब पास द्यायचा तर रिसीव्हर दूरवर पोहोचेपर्यंत थांबावे लागते आणि तेवढ्या वेळात बचावाच्या आघाडीचे खेळाडू क्वार्टरबॅकवर तुटून पडू शकतात. आखूड पासात त्यांना ही सवडच मिळत नाही. क्वार्टरबॅक तीन पावले मागे सरकतो आणि रिसीव्हर वळतो न वळतो तोच चेंडू त्याच्या दिशेने निघालेला असतो. प्रत्येक वेळी मिळणारे अंतर थोडे. पण थेंबे थेंबे तळे साचते. त्याला आवर घालण्यासाठी बचावपटू जवळ आणले की मागची जागा मोकळी होते. बाजूला सरकवले की मधली वाट उघडी पडते. एकेरी धावा रोखण्यासाठी क्षेत्ररक्षक आत आणणाऱ्या क्रिकेटच्या कर्णधारालाही हाच पेच पडतो.

लँड्री यांचा जन्म ११ सप्टेंबर १९२४ रोजी टेक्सास राज्यात, मेक्सिकोच्या सीमेलगतच्या मिशन या गावी झाला. वडील मोटार दुरुस्तीचा व्यवसाय करीत. टेक्सास विद्यापीठात शिक्षण सुरू झाले, तोवर दुसऱ्या महायुद्धाने अमेरिकेलाही ओढून घेतले होते. मोठा भाऊ रॉबर्ट याचा बी-१७ विमान युरोपकडे नेताना उत्तर अटलांटिकवर मृत्यू झाला. त्यानंतर लँड्री हेही हवाई दलात गेले आणि त्याच जातीच्या बॉम्बफेकी विमानाचे सहवैमानिक झाले. इंग्लंडमधून त्यांनी ३० मोहिमा पार पाडल्या. एका मोहिमेत इंधन संपल्याने विमान बेल्जियममध्ये झाडांच्या राईत उतरवावे लागले; त्यातून ते सहीसलामत वाचले. युद्ध संपल्यावर त्यांनी विद्यापीठाचे शिक्षण आणि खेळ पुन्हा सुरू केला. पुढे ह्यूस्टन विद्यापीठातून औद्योगिक अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी घेतली.

१९४९ मध्ये ते न्यूयॉर्क यँकीज या फुटबॉल संघातून व्यावसायिक खेळाडू झाले. बचावाच्या मागच्या फळीत, रिसीव्हरवर नजर ठेवण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्याच हंगामात क्लीव्हलँड ब्राउन्स संघाशी गाठ पडली. पॉल ब्राउन यांनी घडवलेल्या या संघाचे पास घड्याळाच्या काट्यावर चालत. रिसीव्हरने किती पावलांवर वळायचे आणि क्वार्टरबॅक ऑटो ग्रॅहम यांनी चेंडू कधी सोडायचा, हे आधीच ठरलेले असे. त्या सामन्यात मॅक स्पीडी या रिसीव्हरने लँड्री यांच्या बाजूने २०० यार्डांहून अधिक मजल मारली. लँड्री फार वेगवान खेळाडू नव्हते. चेंडू सुटल्यानंतर धावून उपयोग नाही, तो कोठे जाणार हे सुटण्याआधीच कळले पाहिजे, हा धडा त्यांनी त्या दिवशी घेतला. प्रतिस्पर्धी संघाची मांडणी, मैदानावरील जागा आणि उरलेले अंतर यांवरून पुढची चाल ओळखण्याचा अभ्यास त्यांनी तेव्हापासून सुरू केला.

पुढच्याच वर्षी हा अभ्यास कामी आला. यँकीज संघ मोडला आणि लँड्री न्यूयॉर्क जायंट्समध्ये दाखल झाले. ब्राउन्स संघही त्याच वर्षी नॅशनल फुटबॉल लीगमध्ये आला होता आणि पहिल्याच सामन्यात त्याने गतविजेत्या फिलाडेल्फियाचा ३५-१० असा धुव्वा उडवला होता. १ ऑक्टोबर १९५० रोजी क्लीव्हलँडमध्ये जायंट्सची त्याच्याशी लढत झाली. जायंट्सचे प्रशिक्षक स्टीव्ह ओवेन यांनी एक नवी रचना फळ्यावर रेखाटली. आघाडीला सहा खेळाडू, त्यांच्यामागे एक आणि शेवटी कमानीसारखे चौघे. आघाडीच्या दोन टोकांचे खेळाडू पासची चाहूल लागताच मागे सरकत, तेव्हा संपूर्ण रचना उघडलेल्या छत्रीसारखी दिसे. म्हणून तिला छत्री हेच नाव पडले. टोकाचे खेळाडू मागे आल्याने ज्या मोकळ्या पट्ट्यांत ग्रॅहम यांचे आखूड पास जात, त्याच पट्ट्यांत आता माणसे उभी राहिली. ओवेन यांनी आराखडा दिला. कोणी कोठे आणि कधी हलायचे याची फोड सहकाऱ्यांना करून सांगितली ती लँड्री यांनी. जायंट्सने सामना ६-० असा जिंकला. ब्राउन्सवर एकही गुण न मिळवता परतण्याची पाळी प्रथमच आली होती.

१९५४ मध्ये लँड्री यांच्याकडे खेळाडू असतानाच बचावाचे प्रशिक्षकपद आले. आघाडीला चार आणि त्यांच्यामागे तीन लाइनबॅकर ही ४-३ रचना त्यांनी जायंट्समध्ये रुजवली. मधला लाइनबॅकर सॅम हफ हा तिचा कणा. आपल्याला वाटेल तिकडे चेंडूमागे धावायचे नाही. नेमून दिलेली जागा आधी राखायची, ही या रचनेची शिस्त होती. संघाच्या आक्रमणाची सूत्रे त्या काळात व्हिन्स लोम्बार्डी यांच्याकडे होती. १९५६ मध्ये जायंट्सने शिकागो बेअर्सला ४७-७ असे हरवून अजिंक्यपद मिळवले.

या शिस्तीची मर्यादा २८ डिसेंबर १९५८ रोजी उघड झाली. यँकी स्टेडियमवर बाल्टिमोर कोल्ट्सविरुद्धचा अजिंक्यपदाचा सामना रंगला होता. कोल्ट्सचे क्वार्टरबॅक जॉनी युनायटस यांनी रेमंड बेरी या रिसीव्हरला हेरून एकामागून एक पास दिले. बेरी यांनी १२ झेल घेत १७८ यार्डांची मजल मारली. त्यांना अडवण्यासाठी लँड्री यांनी एका लाइनबॅकरला थेट त्यांच्यासमोर उभे केले, तर बेरी त्याला चकवून आतल्या बाजूने निसटले. निर्धारित वेळ संपण्यास सात सेकंद असताना कोल्ट्सने बरोबरी साधली आणि सामना जादा वेळेत गेला. पासच्या धास्तीने हफ मागे सरकू लागले होते. युनायटस यांनी ते टिपले आणि पास देण्याऐवजी मधूनच धाव काढायला लावली. कोल्ट्स २३-१७ असे जिंकले. आखूड पास रोखण्याची किंमत बचावाला दुसरीकडे चुकवावी लागते, हे त्या संध्याकाळी स्पष्ट झाले.

१९६० मध्ये लँड्री नव्याने स्थापन झालेल्या डॅलस काउबॉइजचे मुख्य प्रशिक्षक झाले. पहिल्या हंगामात ११ पराभव, एक बरोबरी आणि विजय शून्य. तरीही संघमालक क्लिंट मर्चिसन यांनी विश्वास ढळू दिला नाही. १९६४ मध्ये त्यांनी लँड्री यांच्याशी आणखी १० वर्षांचा करार केला. १९६६ ते १९८५ या सलग २० हंगामांत संघाचे विजय पराभवांपेक्षा अधिक राहिले. पाच वेळा सुपर बोलची अंतिम लढत आणि त्यांपैकी दोनदा, जानेवारी १९७२ आणि जानेवारी १९७८ मध्ये, अजिंक्यपद. सूट, टाय आणि डोक्यावर फेल्ट हॅट अशा वेशात मैदानाच्या कडेला निर्विकार चेहऱ्याने उभे असलेले लँड्री हे अमेरिकेतील घराघरांत ओळखीचे चित्र झाले.

याच काळात त्यांनी फ्लेक्स ही रचना विकसित केली. आघाडीच्या चौघांपैकी दोघे किंचित मागे उभे राहत, चाल ओळखत आणि मगच हलत. धावून येणाऱ्या आक्रमणावर हा उपाय नामी होता. पासच्या वेळी मात्र ही थांबून पाहण्याची सवय क्वार्टरबॅकला श्वास घ्यायला वाव देई. त्यातच १९७८ मध्ये नियम बदलला. रिसीव्हरला धक्का देऊन त्याची लय बिघडवणे हा आखूड पासवरचा जुना उतारा होता. नव्या नियमाने पहिल्या पाच यार्डांपलीकडे अशा धक्क्याला बंदी आली.

या बदलाचा पुरेपूर लाभ घेतला तो सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सच्या बिल वॉल्श यांनी. वॉल्श हे सिनसिनाटीत पॉल ब्राउन यांचे सहायक होते. ब्राउन यांची वेळेत बांधलेली पासची पद्धत त्यांनी आणखी आखूड, आणखी रुंद केली. म्हणजे १० जानेवारी १९८२ रोजी लँड्री यांच्यासमोर १९४९ चाच प्रश्न नव्या रूपात उभा होता. कँडलस्टिक पार्कवरील त्या उपांत्य लढतीत डॅलसने तसा बचाव उत्तम केला. नवोदित कॉर्नरबॅक एव्हरसन वॉल्स यांनी जो मोंटाना यांचे दोन पास हिरावून घेतले. पाच मिनिटांहून कमी वेळ उरला तेव्हा डॅलस २७-२१ असे पुढे होते आणि सॅन फ्रान्सिस्कोला ८९ यार्ड कापायचे होते. पास येणार हे गृहीत धरून डॅलसने मागच्या फळीत जादा खेळाडू उतरवले. वॉल्श यांनी ते पाहून वारंवार धावांची चाल दिली आणि १९५८ प्रमाणे पुन्हा आघाडीला खिंडार पडले. शेवटी सहा यार्डांवरून मोंटाना यांनी उंच फेकलेला चेंडू ड्वाइट क्लार्क यांनी झेप घेऊन झेलला; त्यांच्या पाळतीवर होते तेच वॉल्स. सामना २८-२७ असा फिरला.

त्यानंतर लँड्री यांचा संघ सुपर बोलपर्यंत पोहोचला नाही. १९८८ च्या हंगामात १६ पैकी अवघे तीन विजय हाती आले. फेब्रुवारी १९८९ मध्ये जेरी जोन्स यांनी संघ विकत घेतला आणि लगेच लँड्री यांना पदावरून दूर केले. दोन महिन्यांनी डॅलसच्या रस्त्यांवर हजारो नागरिकांनी मिरवणूक काढून त्यांना निरोप दिला. १९९० मध्ये त्यांचा प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. बाद फेरीसह २७० विजय त्यांच्या नावावर आहेत.

आज बहुतेक संघ मागच्या फळीत पाचवा खेळाडू नेहमीसाठीच ठेवतात, कारण आखूड पास हीच आक्रमणाची रोजची भाकरी झाली आहे. धाव रोखायची की पास, हा पेच त्यानेही सुटलेला नाही. चाल सुटण्याआधी ती ओळखायची आणि काय गमावायचे हे स्वतः ठरवायचे, ही लँड्री यांची शिकवण म्हणूनच टिकून आहे. तिच्या बळावर त्यांनी ब्राउन्सला शून्यावर रोखले. १९५८ आणि १९८२ मध्ये त्यांचा पराभव झाला तोही हीच विद्या अवगत असलेल्या प्रतिस्पर्ध्यांकडून.