मुक्या जिवांचे कैवारी : श्री संत गाडगे महाराज

महाराष्ट्र ही संतांची भूमी आहे. या भूमीतील संतांनी भूतदयेला भक्तीचेच एक अंग मानले. काशीहून रामेश्वरासाठी आणलेले गंगाजल वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घालणारे एकनाथ महाराज आणि कोरडी भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज यांच्या कथा आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकल्या आहेत. याच परंपरेत विसाव्या शतकात एक असे सत्पुरुष होऊन गेले की, ज्यांनी दयेचा हा विचार यात्रा-जत्रांच्या ऐन गर्दीत नेऊन उभा केला. ते म्हणजे वैराग्यमूर्ती श्री संत गाडगे महाराज. दर्शनार्थ येणाऱ्या भाविकांना त्यांच्या जीवनाची ओळख व्हावी, या हेतूने हा अल्प परिचय देत आहोत.

बालपण व गुरांची संगत

महाराजांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट समाजातील एका गरीब कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. मातोश्रींचे नाव सखुबाई. वडील झिंगराजी यांना दारूच्या व्यसनाने ग्रासले आणि डेबूजी लहान असतानाच पितृछत्र हरपले. सखुबाई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी आल्या. डेबूजींचे पुढील सर्व बालपण आजोळीच गेले.

शाळेचे तोंड त्यांना पाहावयास मिळाले नाही. गुरे राखणे, गोठा झाडणे आणि शेतात राबणे हीच त्यांची शाळा. वऱ्हाडातील कापूस व ज्वारीची शेती बैलांच्या खांद्यावर उभी होती. उन्हातान्हात आपल्याबरोबर राबणारा बैल घरातील कर्त्या माणसाइतकाच कष्ट उपसतो, परंतु दुखले-खुपले तरी त्याला सांगता येत नाही, हे पुस्तकात वाचून कळणारे नाही. ते नांगरामागे चालणाऱ्यालाच कळते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणीला बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावावयाची आणि पोळा संपताच त्याच खांद्यावर पुन्हा जू ठेवून पराणी टोचावयाची, अशी जनरीत जागोजागी दिसत होती. महाराजांच्या पुढील उपदेशाची मुळे या अनुभवात आहेत.

मामांची जमीन सावकाराच्या कर्जापायी गेली. त्या दुःखाने खचून मामांचे निधन झाले. अक्षरशत्रू माणूस कर्जाच्या कागदावर अंगठा उठवतो आणि पिढ्यान्पिढ्या त्यात बुडतो, ही गोष्ट तरुण डेबूजींच्या मनावर कायमची कोरली गेली. हे कर्ज अनेकदा काढले जाई ते लग्नकार्य, बारसे, तेरवी आणि देवाचा नवस यांतील जेवणावळींसाठी. बोकड कापल्याशिवाय व दारू वाटल्याशिवाय कार्य पार पडत नाही, असा त्या काळी समज होता. म्हणजे एका बाजूला मुक्या प्राण्याचा जीव जाई आणि दुसऱ्या बाजूला घरधन्याची जमीन जाई.

बारशाचे गोड जेवण

इ. स. १८९२ मध्ये डेबूजींचा विवाह कुंताबाई यांच्याशी झाला. त्यांना कन्यारत्न झाले, तेव्हा बारशाला मांसाहार व दारू देण्याची जातीची रीत होती. डेबूजींनी ती रीत साफ नाकारली आणि पाहुण्यांना गोडाचे जेवण वाढले. भाऊबंद रुष्ट झाले, पंगतीत कुजबुज झाली, परंतु ते डगमगले नाहीत. आज ही गोष्ट आपणांस लहान वाटेल. ज्या काळात जातपंचायतीचा शब्द मोडणे म्हणजे वाळीत पडण्यास आमंत्रण देणे होते, त्या काळात एका तरुण शेतकऱ्याने आपल्याच अंगणात केलेली ही मोठी सुधारणा होती. लोकांना उपदेश करण्यापूर्वी त्यांनी तो स्वतःच्या घरी आचरून दाखविला, हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे.

गृहत्याग व लोकसेवा

दि. १ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी घरदार सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती खराटा आणि जवळ मातीचे गाडगे एवढाच त्यांचा संसार होता. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. ज्या गावी जावे तेथे आधी रस्ते झाडावेत, गटारे साफ करावीत, काम केल्यावाचून कोणाची भाकरी घेऊ नये आणि रात्री कीर्तन करून पहाटे पुढच्या गावी निघावे, असा त्यांचा नित्यक्रम होता. पायांवर डोके ठेवू पाहणाऱ्यांना ते जवळ येऊ देत नसत.

पूर्णा नदीच्या तीरावरील ऋणमोचन येथे पौष महिन्यात यात्रा भरते. तेथे चिखलातून घसरत नदीपर्यंत जाणाऱ्या भाविकांचे हाल पाहून महाराजांनी घाट बांधून घेतला. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी आदी ठिकाणी त्यांच्या प्रेरणेने धर्मशाळा उभ्या राहिल्या. इ. स. १९२३ मध्ये त्यांचा पुत्र गोविंद निवर्तला. ती वार्ता कीर्तन चालू असताना त्यांच्या कानी आली, तरीही त्यांनी कीर्तन थांबविले नाही.

जत्रेतील पशुहत्येविरुद्ध कीर्तन

नवसापोटी होणारी पशुहत्या हा महाराजांच्या कीर्तनातील मुख्य विषयांपैकी एक होता. ते व्यासपीठावरून शाप देत नसत किंवा ग्रंथातील वचनांचा मारा करीत नसत. साध्या वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना एकामागून एक प्रश्न विचारावेत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावे, ही त्यांची रीत होती. जो देव सर्वांना जन्म देतो, त्याला आपल्याच एका लेकराचा जीव दुसऱ्या लेकरासाठी कसा हवा असेल, असे ते विचारीत. आपले मूल जगावे म्हणून शेळीचे मूल मारणे हा कोणता न्याय, असा त्यांचा सवाल असे. पुढे ते हिशेबावर येत. बोकड कितीला आणला, पैसे कोणाकडून काढले, व्याज किती, हे श्रोत्यांच्याच तोंडून निघाले म्हणजे हसणारी सभा गंभीर होई.

या प्रबोधनाचा परिणाम गावोगावी दिसू लागला. इ. स. १९३१ मध्ये वरवंडे येथील पशुहत्या त्यांच्या उपदेशामुळे बंद झाली. तेथे हुकूम किंवा कायदा चालला नव्हता. लोकांनी स्वतः विचार करून सुरी खाली ठेवली. आपल्या देशात प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम पुढे १९६० मध्ये, म्हणजे महाराजांच्या निधनानंतर चार वर्षांनी झाला, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या कार्याचे मोल कळते.

केवळ मारू नका एवढे सांगून महाराज थांबले नाहीत. भाकड झालेली गाय, म्हातारा झालेला बैल यांना पोसण्याची ऐपत गरीब शेतकऱ्याला नसते, हे ते स्वानुभवाने जाणत होते. म्हणूनच मूर्तिजापूर येथे त्यांनी गोरक्षणाचे कार्य उभे केले. दया दाखवावयाची तर चारा-पाण्याची आणि निवाऱ्याचीही तजवीज केली पाहिजे, हा त्यामागील विचार होता.

रोकडा धर्म

महाराजांचा उपदेश दशसूत्री म्हणून प्रसिद्ध आहे. भुकेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, उघड्यांना वस्त्र, बेघरांना आसरा, अंध-पंगू व रोग्यांना औषधोपचार या माणसांच्या गरजांबरोबरच पशुपक्षी व मुक्या प्राण्यांना अभय हेही एक सूत्र त्यात आहे. अभय हा शब्द येथे फार मोलाचा आहे. माणसाची चाहूल लागताच प्राण्याने भीतीने अंग चोरू नये, असे आपले वर्तन असावे, हा त्याचा अर्थ. माणसाची सेवा आणि प्राण्यांवरील दया यांची महाराजांनी कधी फारकत केली नाही.

दि. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. दि. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असताना वलगावनजीक पेढी नदीच्या पुलावर महाराजांची प्राणज्योत मालवली. अमरावती येथे त्यांची समाधी आहे. अमरावतीच्या विद्यापीठास आणि राज्य शासनाच्या ग्रामस्वच्छता अभियानास त्यांचे नाव देण्यात आले आहे.

भाविकांना नम्र विनंती

गाडगे महाराजांच्या हातातील खराटा आपण ओळखतो. त्यांच्या अंतःकरणातील करुणाही आपण ओळखावी, अशी विनंती आहे. नवसाच्या नावाने कोंबडे, बकरे क्षेत्रात आणू नयेत. त्याऐवजी तेवढ्याच रकमेचा चारा अथवा अन्नदान करावे. देवाला वाहिले असे म्हणून वासरू मोकळे सोडून जाणे किंवा मांजराची व कुत्र्याची नको असलेली पिले मंदिराच्या पायरीशी ठेवून जाणे यात पुण्य नाही. पाळलेल्या जिवाची जबाबदारी पाळणाऱ्याचीच असते, आणि आजारी प्राण्याला अंगाऱ्याइतकीच पशुवैद्याची गरज असते. नारळाच्या शेंड्या व प्रसादाच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या उघड्यावर टाकू नयेत. उरल्यासुरल्या अन्नाच्या वासाने गाई त्या पिशव्या गिळतात आणि पोटात साचलेल्या प्लॅस्टिकमुळे तडफडून मरतात. बैलगाडीने येणाऱ्या भाविकांनी दर्शनाच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी बैलांना सावलीत बांधून पाणी दाखवावे.

देवाच्या दारी आलेला प्रत्येक जीव निर्भय असावा, हीच महाराजांना खरी आदरांजली ठरेल. श्रींची कृपा आपणां सर्वांवर राहो, ही प्रार्थना.

– सचिव, देवस्थान विश्वस्त मंडळ कार्यालय